एकाच बातमीने एकाची झोप उडते, दुसरा निवांत. असं का?

मुठाकाठ

मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज धागा काढतोय.

हिंजवडीत एका आयटी कंपनीत आहे, नाव नको. मध्यंतरी आमचा प्रोजेक्ट बंद झाला आणि अख्खी टीम बेंचवर आली. आयटीबाहेरच्यांसाठी: पगार चालू, काम नाही, आणि मुदतीत दुसरा प्रोजेक्ट मिळाला नाही तर एचआरचं बोलावणं. माझ्या शेजारी बसणारा सहकारी आणि मी एकाच वयाचे, अनुभव सारखा, पगारात उन्नीस-बीस. दोघांवर घराचं कर्ज. मीटिंग एकच, बातमी एकच. तो त्याच संध्याकाळी रेझ्युमे घेऊन बसला, ओळखीच्यांना फोन केले, शनिवारी सिंहगड चढून पिठलं-भाकरीचा फोटो टाकला. मी रात्री दोनला टक्क जागा. 'आता गेलं', 'या वयात कोण घेणार', 'हप्ता चुकला तर', 'मुलीची फी', परत 'आता गेलं'. रेझ्युमेची फाइल उघडतो, स्वतःचं नाव-पत्ता वाचतो आणि बंद करतो.

बायको म्हणते, तुझ्या विचार करण्यातच घोळ आहे. माझं म्हणणं, परिस्थितीच तशी आहे. तर प्रश्न असा की ताण कसा पेलला जाणार हे खरंच विचारांच्या सवयीवर ठरतं का? आणि ती सवय चाळिशीनंतर बदलते का? 'सकारात्मक राहा' सोडून काहीही सांगा.

आळशी_अजगर

सकारात्मक राहा.

(हलके घ्या.)

पर्वतीवरचा

अजगरराव, आमच्या ऑफिसने नेमकं हेच सांगायला पाहुणे बोलावले होते. ताणमुक्ती कार्यशाळा, शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता, उपस्थिती सक्तीची. आधी टाळ्या वाजवायच्या, मग शेजाऱ्याच्या खांद्याला मालिश, मग डोळे मिटून समुद्रकिनारा. माझ्या शेजारी आमचा मॅनेजर. त्याच्या खांद्याला मालिश करताना सोमवारची डेडलाइन त्याने डोळे मिटूनच सांगितली.

मुठाकाठ, बायकोचं ऐकू नका. माणसं कमी, काम जास्त, नोकरीची खात्री नाही, आणि वर 'तुमचे विचार बदला'. म्हणजे दोष पुन्हा आपल्याच माथी.

सोनचाफा

पर्वतीवरचा +१. सहकाऱ्याची बायको कमावती आहे का? त्याचे आईवडील कुठे राहतात? गावाकडे घर-जमीन? हे माहीत नसताना 'तो निवांत, मी घाबरट' हा निष्कर्ष काढू नका. ज्याच्या पाठीशी वर्षभराचा खर्च आहे त्याला सिंहगड सुचतो.

मनमोकळी

मी समुपदेशनाचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सोनचाफा म्हणताहेत ते आणि मुठाकाठ यांच्या सौ. म्हणताहेत ते, दोन्ही एकाच सिद्धांतात बसतं. रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ साली तो नीट मांडला. संकट समोर आलं की मन दोन अंदाज घेतं. पहिला, यात माझं काय पणाला लागलंय? दुसरा, मला यात काय करता येईल, माझ्याकडे काय आहे? ताण किती वाटणार हे या दोन्हींच्या हिशेबावर ठरतं. दुसऱ्या अंदाजात बँकेतली शिल्लक, बायकोचा पगार, मित्रांचे फोन नंबर हे सगळं येतं. त्यामुळे 'सगळं मनाचेच खेळ' असं ते म्हणत नाहीत. पण अंदाज हा अंदाजच असतो, तो चुकूही शकतो. पुष्कळ माणसं पहिला अंदाज फुगवून घेतात आणि दुसरा घेतच नाहीत. मुठाकाठ, तुमच्या रात्री दोनच्या यादीत सगळे पहिल्या अंदाजाचे मुद्दे आहेत. 'माझ्याकडे काय आहे' याचा एकही नाही.

आळशी_अजगर

त्यांच्याकडे चिडलेली बायको आहे. तो मुद्दा कुठल्या यादीत?

मनमोकळी

ती दोन्हीकडे धरतात.

अभ्यासिकेतला

नवी पेठेत राहतो, एमपीएससी करतो. कितवा प्रयत्न ते विचारू नका, घरचे रोज विचारतात.

आमच्याकडे हा प्रयोग दर निकालाला होतो. अभ्यासिकेत टेबलांना ठोकळ्यांसारखे कप्पे, प्रत्येक कप्प्याला चिकटपट्टीने चिकटवलेलं वेळापत्रक, कुणीतरी आधीच्या मुलाचं नाव खरवडून स्वतःचं लिहिलेलं. निकालाची पीडीएफ आली की पहिल्यांदा वायफाय मरतं. मग कुणाच्या तरी मोबाइलवर ती उघडते, सर्चमध्ये बैठक क्रमांक टाकायचा, आणि 'सापडले नाही' आलं की तोच क्रमांक परत टाकायचा, आकडा चुकला असेल म्हणून. हे सगळेच करतात. फरक पडतो त्याच्यानंतर. माझा रूममेट चहा पिऊन येतो, उत्तरतालिका काढतो आणि कुठल्या विषयात मार्क गेले ते मांडत बसतो. खालच्या मजल्यावरचा एकजण दोन मार्कांनी राहिला, तर 'माझ्यात दमच नाही' म्हणत आठवडाभर मेसलाही आला नाही. अभ्यास दोघांचा सारखाच. दुसऱ्याचा जास्तच, खरं तर.

पण पर्वतीवरचा यांचंही पटतं. जागा शेकड्यात, अर्ज लाखांत. २०२३ मध्ये नवी वर्णनात्मक (सविस्तर उत्तरं लिहायची) परीक्षापद्धत पुढे ढकलावी म्हणून पोरं अलका चौकात बसली होती. ते काय विचारांच्या घोळामुळे? रस्त्यावर बसले म्हणून तर ती २०२५ वर गेली.

पर्वतीवरचा

शाब्बास. ताणावर उपाय म्हणून आंदोलन, हे कार्यशाळेत शिकवत नाहीत.

मनमोकळी

आंदोलन हा समस्येला थेट हात घालणारा मार्गच आहे की. लाझारस-फोकमन मंडळी सामना करण्याचे दोन ढोबळ प्रकार करतात, एक समस्येवर काम करणं, दुसरा भावनेवर. बदलता येईल तिथे पहिला, येत नाही तिथे दुसरा. उलटं केलं की घोटाळा होतो.

अभ्यासिकेतला, तुमच्या खालच्या मजल्यावरच्या मित्राचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. 'दोन मार्क कमी पडले' आणि 'माझ्यात दमच नाही' यात मोठी उडी आहे. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती सुरू केली, आज तिला आरईबीटी म्हणतात. त्याचं म्हणणं, घटना आणि तिचा परिणाम यांच्या मधे आपली धारणा उभी असते. छळणाऱ्या धारणा बहुधा ठरावीक घराण्यातल्या: मला यश मिळायलाच हवं हा हट्ट, नाही मिळालं तर प्रलय झाल्यासारखं मानणं, 'हे मला सहनच होणार नाही', आणि एका अपयशावरून अख्ख्या माणसाला नापास करणं. इच्छा सोडा असं एलिस कुठेही म्हणत नाही. पास व्हायची इच्छा तीव्र असू दे, हट्ट सोड, म्हणजे राहिलास तर वाईट वाटेल, दुःख होईल, पण मेसला जाशील. त्याच सुमाराला, १९६० च्या दशकात, फिलाडेल्फियात एरन बेक हे मानसोपचारतज्ज्ञ नैराश्याच्या रुग्णांमधले आपोआप येणारे विचार टिपत होते. दोघे वेगवेगळ्या वाटांनी साधारण एकाच ठिकाणी पोचले. महाराष्ट्रात हे एलिसचं काम मराठीतून पोचवलं ते कि. मो. फडके यांनी. एलिसशी त्यांचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता.

एक_निवृत्त

चर्चा चांगली चालली आहे. आमच्या घरातली गोष्ट सांगतो, सिद्धांत तुम्ही लावा.

१२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला. आम्ही नारायण पेठेत, वाड्यात, तळमजल्यावर. मी लहान होतो, पण आईने हाताला धरून ओढत नेलेलं आठवतं. पाणी ओसरल्यावर आलो तेव्हा घरात गुडघाभर चिखल आणि भिंतीवर माझ्या डोक्याच्या कितीतरी वर पाण्याची रेघ. धान्याच्या डब्यांत चिखल, शिवणयंत्रात चिखल, देव्हारा सापडलाच नाही.

आईने पहिल्यांदा ते शिवणयंत्र ओढून अंगणात काढलं. सुटं केलं, रॉकेलने एकेक भाग पुसला, उन्हात मांडला. रडत होती, पण हात चालू होते. ते यंत्र पुढे कितीतरी वर्षं चाललं, आमच्या फिया त्याच्यावर झाल्या.

काका त्याच घरात, नुकसान तेवढंच. पण काकांचा पूर कधी ओसरला नाही. 'सकाळीच सामान वर हलवलं असतं तर', 'त्या दिवशी मी ऑफिसला गेलोच नसतो तर', 'धरणात घाईने पाणी भरलं नसतं तर'. शेवटचं खरंच होतं म्हणा. दर जुलैत तोच हिशेब नव्याने. सरकारने गोखलेनगरला पूरग्रस्तांसाठी घरं दिली, ती घ्यायची की नाही यावरही त्यांचा निर्णय होईना, कारण आधीचाच निकाल लागलेला नव्हता. आईला हे सगळं कळत नव्हतं असं नाही. 'तुझे काका विचार फार करतात' म्हणायची, आणि ते कौतुक नसायचं.

सिंहगडरोडवाला

काका, आम्ही एकता नगरीवाले २५ जुलै २०२४ ला तेच बघितलं. पहाटे पार्किंगमध्ये पाणी, गाड्या तरंगतायत, आणि धरणातून किती क्युसेक सोडणार याचे मेसेज पाणी आल्यावर. आता पाऊस जोर धरला की सोसायटीच्या ग्रुपवर रात्रभर 'किती सोडलं?' सुरू. याला विचारांचा घोळ म्हणायचं की शहाणपण?

आळशी_अजगर

क्युसेक हे आता पुण्यात अंतर मोजायचं एकक आहे. 'तुमच्या घरापासून नदी किती?' 'चाळीस हजार क्युसेक.'

कसबेकर

नदीपात्रात भराव टाकून कोणी काय बांधलं ते आधी बोला. पूररेषा कागदावर कशी सरकते यावर मी पुराव्यानिशी

कसबेकर

(अर्धाच गेला.) पुराव्यानिशी लिहू शकतो.

सोनचाफा

कसबेकर, कृपया वेगळा धागा काढा. मागच्या वेळी मिसळीच्या धाग्यावरही पूररेषा आली होती.

मनमोकळी

एक_निवृत्त, तुमच्या प्रतिसादाला दंडवत. तुमच्या काकांवर अक्षरशः संशोधन झालेलं आहे. १७ ऑक्टोबर १९८९ ला सान फ्रान्सिस्कोच्या परिसरात मोठा भूकंप झाला. स्टॅनफर्डच्या सुझन नोलेन-होक्सेमा यांनी त्याच्या दोन आठवडे आधी, वेगळ्याच कामासाठी, विद्यार्थ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या: उदास वाटलं की तुम्ही काय करता? त्याच मुलांना भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि सात आठवड्यांनी पुन्हा विचारलं. ज्यांना आधीपासूनच मनात घोळवत बसायची सवय होती त्यांच्यात नैराश्याची आणि आघाताची लक्षणं दोन्ही वेळा जास्त. ते आधी किती उदास होते हे हिशेबात धरूनही.

आणि पर्वतीवरचा, सोनचाफा, हे तुमच्यासाठी: ज्यांनी भूकंपात प्रत्यक्ष जास्त धोका आणि हाल सोसले, त्यांच्यातही दहा दिवसांनी लक्षणं जास्त होती. म्हणजे परिस्थितीचा तडाखा खराच. पण तो किती दिवस मुक्काम करणार, यात घोळवण्याचा हात मोठा.

सिंहगडरोडवाला, पाणी किती सोडलं ते बघून गाडी वर नेऊन लावता ना? मग तो घोळ नाही. बघून काही करायचं नाही आणि तरी पहाटेपर्यंत बघत राहायचं, तेव्हा तुम्ही काका.

सिंहगडरोडवाला

गाडी वर नेतो. मग बघत राहतो.

पर्वतीवरचा

मी मात्र वाईटाचाच विचार करतो आणि माझं त्यावरच चालतं. गाडी रात्रीची असली तरी संध्याकाळीच स्टेशनवर. सादरीकरण असेल तर प्रोजेक्टर बंद पडेल, लॅपटॉप हँग होईल, साहेब मधेच उठून जातील, सगळं आधी मनात घडवून आणतो आणि प्रत्येकाचा तोडगा खिशात ठेवतो. बायको म्हणते अभद्र बोलू नकोस. पण मला कुणी 'काही होत नाही रे' म्हटलं की उलट माझे हातपाय गार पडतात.

मनमोकळी

तुमच्यासारख्यांना नाव आहे, बचावात्मक निराशावादी. ज्युली नोरेम आणि नॅन्सी कँटर यांनी १९८६ मध्ये यावर लिहिलं. अशा लोकांना जबरदस्तीने दिलासा दिला, तर त्यांची कामगिरी घसरते. अट एकच, वाईट विचाराच्या शेवटी तोडगा निघाला पाहिजे. तुमचा निघतो.

पर्वतीवरचा

प्रिंट काढून फ्रिजवर लावतो.

सोनचाफा

मी सकाळपासून हा प्रतिसाद लिहून खोडते आहे.

सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. पौड रोडला राहतो. रात्री तीनला उठून त्या दाराला कुलूप का लावलंय विचारतात, त्यांना माहेरी जायचं असतं, माहेर साताऱ्याला होतं, आता तिथे कुणी नाही. मी कुलूप उघडत नाही, त्या रडतात. सकाळी सात वाजता ब्यूरोची बाई येते, आली तर. नाही आली तर मी बँकेत फोन करून रजा मागते आणि पलीकडचा आवाज कसा बदलतो ते ऐकते.

यात 'समस्येवर काम' काय करायचं? त्या बऱ्या होणार नाहीत. मला इथे कुणी हट्ट सोडा सांगितलं तर राग येतो, कारण माझा हट्ट नाहीच, मला फक्त झोप हवी आहे. मनमोकळी, तुमच्यावर रोख नाही. पण तुमच्या शास्त्रात आठवड्याला एक पूर्ण रात्र दुसऱ्या कुणी जागणं हा उपाय कुठे येतो? नणंद कल्याणीनगरला आहे. 'वहिनी, तुमची कमाल आहे हं' म्हणते. ही शाबासकी तिला जागरणापेक्षा स्वस्त पडते.

एक_निवृत्त

सोनचाफा ताई, पत्नीच्या आजारपणात मी हे पाहिलं आहे. नणंदेला 'मदत कर' म्हणू नका. 'शनिवार रात्र तुझी' म्हणा. वार ठरवून द्या.

मनमोकळी

सोनचाफा, तुमच्यापुढे शास्त्र सांगायचं धाडस करत नाही. जागरण करणारं दुसरं माणूस हाच उपाय, आणि तो माणूस मागणं हेच समस्येवरचं काम. फक्त एक विचारू? नणंदेला स्पष्ट सांगायला जाता तेव्हा मनात नेमकं काय येतं?

सोनचाफा

'चांगल्या सुनेला मागावं लागत नाही.'

बरं. समजलं.

रातकिडा

कामाचं विचारतो. रात्री दोनला विचार थांबवायचे कसे? 'विचार करू नको' म्हटलं की दुप्पट येतात.

मनमोकळी

येणारच. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका सांगितलं, अस्वल काही जाईना. म्हणून हाकलू नका, वेळ द्या. थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये सुचवलेली साधी गोष्ट: रोज ठरावीक वेळी, ठरावीक जागी अर्धा तास चिंता करायची. बाकी वेळी आली तर तिला तेव्हाची वेळ द्यायची. झोपायच्या खोलीत नाही, झोपायच्या तोंडावर नाही, आणि कागद-पेन घेऊन. कागदावर चिंता तेच तेच बोलायला लागली की तिचं तिलाच दिसतं.

एक गोष्ट मात्र धाग्यात गंमत चालू असली तरी लिहिते. झोप-भूक आठवडेच्या आठवडे गेली असेल, कशातच मन लागत नसेल, किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर धाग्यावरचे उपाय करत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञ गाठा. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा २०२२ पासून आहे, १४४१६ वर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. अभ्यासिकेतला, खालच्या मजल्यावर जाऊन हा नंबर देऊन या.

अभ्यासिकेतला

जाऊन आलो. दार उघडलं त्याने. रात्री बरोबर मेसला नेतो आहे.

आळशी_अजगर

पोळ्यांचा ताण वेगळा घ्यायला सांगा. (तुम्ही चांगलं केलंत, मनापासून.)

मुठाकाठ

दोन दिवस गायब होतो, क्षमस्व. सगळं वाचलं, बायकोलाही वाचायला दिलं. 'चिडलेली' या शब्दावर तिचा आक्षेप नोंदवून घ्यावा.

सोनचाफा यांनी विचारलेलं डोक्यात राहिलं, म्हणून सहकाऱ्यालाच चहाला नेलं आणि थेट विचारलं. बायको कमावती नाही. गावाकडे जमीन आहे, पण भावांच्यात वाद. निवांतही नाहीये, झोप त्याचीही मोडते. पण २००९ च्या मंदीत त्याची नोकरी गेली होती, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तेव्हा मिळायला सात-आठ महिने लागले, मिळाली. म्हणाला, 'मला भीती वाटते, पण भीती किती मोठी आहे ते मला माहीत आहे.' म्हणजे मनमोकळी यांचा तो दुसरा अंदाज त्याच्याकडे अनुभवातून आलेला आहे. माझी नोकरी कधी गेलीच नाही. त्यामुळे माझ्या अंदाजात नुसता अंधार. एवढ्यावरून 'विचार की परिस्थिती' हा माझा प्रश्नच जरा ढोबळ वाटायला लागलाय. आधीची परिस्थिती आजचा विचार होऊन बसलेली असते.

संध्याकाळी साडेसहाची वेळ चिंतेला दिली आहे, बाल्कनीत, मुलीची जुनी वही घेऊन. पहिल्या पानावर हप्त्याचा हिशेब मांडला. पीएफला हात न लावता किती महिने निघतात तो आकडा मी आजवर काढलाच नव्हता. तो इथे सांगत नाही, पण रात्री दोनला वाटायचा त्यापेक्षा बरा निघाला. दोनला जाग अजून येतेच. रेझ्युमेचं पहिलं पान झालं. दुसऱ्या पानावर अडलोय, एवढ्या वर्षांत काय केलं ते दोन ओळींत लिहायचं आहे.

पर्वतीवरचा

दोन ओळी आम्ही लिहू. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नाव काढून. मी मुलाखती घेतो, काय वाचतो आणि काय वगळतो ते सांगेन. वाईटातलं वाईट काय विचारतील त्याची यादी माझ्याकडे तयारच आहे.

कसबेकर

पूररेषेवरचा धागा काढला आहे. इच्छुकांनी यावं.

सोनचाफा

शनिवार ठरला. नणंद येते म्हणाली, पण विचारते, आई तीनला उठल्या तर काय सांगायचं? मी म्हटलं, साताऱ्याची गाडी सकाळची आहे म्हणून सांग. त्या विश्वास ठेवतात, परत झोपतात.

एक_निवृत्त

उत्तम. आणि त्या रात्री फोन सायलेंटवर ठेवा, ताई. ती तीनला फोन करणारच.